वोर्गलच्या नगराध्यक्षाचे चलन

गरिबाला पत का नसते, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. ऑस्ट्रियातील एका रेल्वे कामगाराने त्याला दिलेले उत्तर मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. म्हणून आज आम्ही मिखाएल उंटरगुगेनबर्गर यांच्याविषयी लिहीत आहोत.

१८८४ साली तिरोल प्रांतात त्यांचा जन्म झाला. यंत्रकाम शिकले, रेल्वेत लागले, कामगार संघटनेत शिरले. १९३१ साली ते वोर्गल या सुमारे चार हजार वस्तीच्या नगराचे नगराध्यक्ष झाले, तेव्हा जागतिक मंदीने कारखाने बंद पाडले होते. लोकांना काम नाही म्हणून कर थकलेला, कर थकला म्हणून पालिकेची तिजोरी रिकामी. करायची कामे होती, करणारे हातही होते. नव्हता तो फक्त पैसा.

धान्य कुजते, लोखंड गंजते, पैसा तेवढा पडून राहिला तरी व्याज खातो, हा सिल्व्हिओ गेझेल या अर्थचिंतकाचा आक्षेप त्यांना पटला होता. जुलै १९३२ मध्ये पालिकेने १, ५ व १० शिलिंगच्या श्रमपावत्या काढल्या आणि त्यांच्यापोटी पतपेढीत रोख तारण ठेवले. पावतीवर दरमहा एक टक्का किमतीचे तिकीट चिकटवायचे. साहजिकच ती दडवून ठेवण्यात तोटा. मजुरी वाण्याकडे जाई, वाण्याकडून कर म्हणून पालिकेत येई आणि पुन्हा मजुरीत जाई. सरासरी साडेपाच हजार शिलिंगच्याच पावत्या फिरत होत्या. पण त्यांतून रस्ते झाले, पूल झाला, थकलेला करही वसूल झाला.

शंभराहून अधिक गावे हाच मार्ग धरण्याच्या विचारात होती. तेव्हा राष्ट्रीय बँक जागी झाली! नोटा काढण्याचा अधिकार कायद्याने तिचा एकटीचा. सप्टेंबर १९३३ मध्ये पावत्या बंद झाल्या आणि नोव्हेंबरात व्हिएन्नाच्या प्रशासकीय न्यायालयानेही पालिकेविरुद्ध निकाल दिला.

वकील म्हणून आम्ही या निकालाला बेकायदा म्हणणार नाही. चलन काढणाऱ्याच्या हाताला लगाम हवा, हे बाबासाहेबांनीही रुपयावरील १९२३ च्या ग्रंथात मांडले आहे. पण बँकेकडे वोर्गलच्या बेकारांसाठी दुसरी कोणती योजना होती? हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. बेकारांपुढे मात्र तोच होता.

फेब्रुवारी १९३४ मध्ये सरकारने सोशल डेमोक्रॅटिक पक्षावरच बंदी घातली आणि त्यांचे नगराध्यक्षपद गेले. डिसेंबर १९३६ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.