पेपरातून पडद्यावर: एस. पी. सिंह यांची दोन वर्षं

आज पत्रकारितेचा कोर्स संपला की पोरं थेट माईक हातात घेतात. सुरेंद्र प्रताप सिंह, म्हणजे सगळ्यांचे एसपी, रोज कॅमेऱ्यासमोर बसू लागले ते वयाच्या ४६ व्या वर्षी. तोपर्यंत निम्मं आयुष्य छापखान्याच्या शाईत गेलं होतं.

जन्म १९४८ चा, उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातला. वाढले मात्र बंगालात, कोलकात्याजवळ. उमेदवारी केली मुंबईत, धर्मवीर भारतींच्या ‘धर्मयुग’मध्ये. मग कोलकात्याचं ‘रविवार’ साप्ताहिक. तिथे त्यांनी हिंदी पत्रकारितेला साहित्याच्या बैठकीतून उठवून गावागावांत बातमीमागे धाडलं. पुढे ‘नवभारत टाइम्स’मध्ये राजेंद्र माथुर यांच्यासोबत काम केलं. माथुर म्हणजे इंदूरच्या ‘नई दुनिया’तले, माळव्यातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

१७ जुलै १९९५ ला डीडी मेट्रोवर ‘आज तक’ सुरू झालं. चॅनेल नव्हे, फक्त २० मिनिटांचं बातमीपत्र. टेप आधी दूरदर्शनच्या नजरेखालून जायची. तेवढ्या जागेत एसपींनी सरकारी हिंदी मोडीत काढली आणि चहाच्या टपरीवर बोलतात तशी भाषा आणली. आवाज न चढवता, चेहऱ्यावर हलकं मिश्कील हसू ठेवून ते पुढाऱ्यांची फिरकी घ्यायचे. हल्लीचा आरडाओरडा ऐकणाऱ्यांना हे खोटं वाटेल!

खरी कसोटी लागली दोनच महिन्यांत. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध पिऊ लागला, देवळांपुढे रांगा लागल्या. रांगा दाखवून मोकळं होणं सोपं होतं, प्रेक्षकही खूश झाले असते. ‘आज तक’नं मोच्याच्या लोखंडी ऐरणीला दूध लावून पाहिलं. तीही प्यायली! पृष्ठताणाचा साधा खेळ लोकांना घरबसल्या कळला. भाविकांची चेष्टा न करता हे दाखवायला धमक लागते.

१३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहाला आग लागली, ५९ माणसं गेली. ती बातमी देताना एसपी आतून हलले होते, असं सहकारी सांगत. त्यानंतर दोन-चार दिवसांतच त्यांना मेंदूत रक्तस्राव झाला. शुद्ध परत आलीच नाही. २७ जूनला ते गेले, वय अवघं ४८.

‘आज तक’ २४ तासांचं चॅनेल झालं ते २००० च्या अखेरीस. ते पाहायला एसपी नव्हते.