डॉ. हरमान स्ट्राक

पहिल्या शतकांतील शास्त्री व परूशी काय शिकवीत, हें नीट समजावयाचें तर शुभवर्तमानांबाहेरही पाहावें लागतें. यहूदी रब्बींचे नियम, वाद व कथा यांचा तालमूद नांवाचा एक प्रचंड संग्रह आहे. त्यांत शिरण्याची वाट ज्यांनीं ख्रिस्ती विद्यार्थ्यांस करून दिली, त्या डॉ. हरमान स्ट्राक यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचा जन्म बर्लिन शहरीं १८४८ सालीं झाला. तरुणपणीं त्यांनीं रशियाच्या राजधानींत राहून जुन्या कराराचीं हस्तलिखितें तपासलीं, व इ. स. ९१६ मध्यें लिहिलेल्या संदेष्ट्यांच्या पोथीची हुबेहूब प्रत १८७६ त छापून काढिली. पुढल्या वर्षीं ते बर्लिनच्या विद्यापीठांत अध्यापक झाले. यहूदी लोकांस सुवार्ता सांगूं इच्छिणाऱ्यांकरितां त्यांनीं १८८३ त एक संस्था स्थापिली, आणि १८८७ त तालमूदाची प्रस्तावना लिहिली. तालमूदाचे भाग कोणते, कोणता रब्बी कोणत्या पिढींतला, हें तींत मांडिलें आहे.

ही विद्या अभ्यासिकेंत कोंडून राहिली नाहीं. यहूदी लोक आपल्या विधींसाठीं ख्रिस्ती लेकरांचें रक्त घेतात, असा भयंकर आरोप युरोपांत शेंकडों वर्षें चालत आला होता. १८९१ त जर्मनींतील क्सांटेन गांवीं एका लहान मुलाचा खून झाला, आणि आळ आला एका यहूदी खाटकावर; पुढें न्यायालयानें त्यास निर्दोषी ठरवून सोडिलें. त्याच वर्षीं डॉ. स्ट्राक यांनीं या आरोपाविरुद्ध पुस्तक प्रसिद्ध केलें. मोशेच्या नियमशास्त्रांत जनावराचेंही रक्त खाण्यास मनाई आहे व रब्बींनीं ती अधिकच कडक केली, हें त्यांनीं मूळ ग्रंथांवरून दाखविलें. रक्ताविषयींच्या वेडगळ समजुती ख्रिस्ती म्हणविणाऱ्या लोकांतच किती होत्या, याचाही पुरावा त्यांनीं दिला. विरोधकांनीं त्यांस यहूद्यांचे हस्तक ठरविलें. तरी ते पुस्तक वाढवून पुनः पुनः छापीत राहिले. आमच्या मतें त्यांच्या सर्व विद्वत्तेंत हेंच काम थोर होय.

१९२२ त ते निवर्तले. त्याच वर्षीं नव्या करारावरील ज्या मोठ्या भाष्याचा पहिला भाग निघाला, त्यावर त्यांचें नांव आहे. पण त्यांतील जवळजवळ सर्व श्रम पौल बिलरबेक या खेड्यांतल्या पाळकाचे. तें वापरतांना जपावें लागतें, कारण त्यांत गोळा केलेलीं पुष्कळ रब्बीवचनें प्रभूच्या काळानंतर कित्येक शतकांनीं लिहिलेलीं आहेत. त्या प्रस्तावनेचें इंग्रजी भाषांतर मात्र १९३१ त अमेरिकेंतील एका यहूदी प्रकाशन संस्थेनेंच काढिलें. आणि १९८२ त ग्युंटर श्टेम्बर्गर यांनीं नव्यानें लिहिलेलें तेंच पुस्तक विद्यार्थी अजून वापरतात.