स्वामी रामानंद तीर्थ

स्वामी रामानंद तीर्थ (३ ऑक्टोबर १९०३ – २२ जानेवारी १९७२) हे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे प्रमुख नेते, शिक्षक व संसदपटू होते. निजामाचे संस्थान भारतीय संघराज्यात यावे आणि तेथे लोकांना जबाबदार असे सरकार स्थापन व्हावे, या दोन्ही मागण्या त्यांनी एकत्रच मांडल्या. पुढे त्याच संस्थानाचे भाषेनुसार विभाजन व्हावे, अशीही त्यांची भूमिका राहिली.

पूर्वायुष्य

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. सोलापुरात शिकत असताना, १९२० साली लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर, त्यांनी आजन्म ब्रह्मचर्य व देशसेवेचे व्रत घेतले. असहकाराच्या काळात सरकारी शिक्षण सोडून ते अमळनेर येथे आणि नंतर पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकले. लोकशाहीचा विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. काही काळ त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासमवेत काम केले.

१९२९ मध्ये ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आले. तेथेच त्यांनी संन्यासदीक्षा घेतली. १९३५ पासून ते मोमिनाबाद, म्हणजे आजच्या अंबाजोगाई, येथील योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. संस्थानात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, तर बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी होती. सभा भरवण्यासही ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमान्वये परवानगी लागे. अशा स्थितीत मातृभाषेतून शाळा चालवणे हेच राजकीय कार्य ठरत होते.

स्टेट काँग्रेस

मराठी भागातील जागृतीचे व्यासपीठ असलेल्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर (आता जालना जिल्हा) येथे झाले. आंध्र व कर्नाटक भागांतही अशाच संस्था होत्या. तिन्ही भाषकांना एकत्र आणणारी हैदराबाद स्टेट काँग्रेस १९३८ मध्ये स्थापन होण्याच्या बेतात असतानाच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. शाळा सोडून स्वामीजी त्या वर्षीच्या सत्याग्रहात उतरले व तुरुंगात गेले. १९४० चा वैयक्तिक सत्याग्रह आणि १९४२ चे आंदोलन यांतही त्यांना कारावास घडला. बंदी उठली ती जुलै १९४६ मध्ये.

जून १९४७ मध्ये ब्रिटिश गेल्यावर आपण स्वतंत्र सार्वभौम राजे होऊ, असे निजामाने जाहीर केले. त्याच महिन्यात मुशीराबाद येथील अधिवेशनात स्वामीजींच्या अध्यक्षतेखाली स्टेट काँग्रेसने विलीनीकरण आणि जबाबदार राज्यपद्धती यांची मागणी केली. यातला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. संस्थान कोणत्या देशात जाणार हे ठरवण्याचा अधिकार राजाचा नसून प्रजेचा आहे, हा त्या मागणीचा गाभा होता. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामीजींना अटक झाली.

त्या दिवशीची विसंगती सीमेवरच्या गावांत सर्वाधिक जाणवणारी होती. पिंपळगाव रेणुकाई हे गाव तेव्हा निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात होते. त्या तालुक्याला लागूनच वऱ्हाडातील बुलढाणा जिल्हा. तिकडे तिरंगा हे राष्ट्राचे निशाण झाले, इकडे तो फडकवणे हा गुन्हा होता. ही स्थिती तेरा महिने टिकली. दिगंबरराव बिंदू यांच्या नेतृत्वाखालील कृती समितीने संस्थानाबाहेर सीमेलगत छावण्या उभारल्या, तर आत कासीम रझवीच्या रझाकारांचा उपद्रव वाढत गेला.

नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतर स्वामीजींची सुटका झाली, पण जानेवारी १९४८ मध्ये त्यांना पुन्हा पकडण्यात आले. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने संस्थान भारतात आले, तेव्हा ते तुरुंगातच होते. लढा निजामाच्या एकतंत्री सत्तेशी आहे, धर्माशी नाही, असा त्यांचा आग्रह होता. कारवाईनंतर मराठवाड्यात मुस्लिम रहिवाशांवर झालेले सूडाचे हल्ले मात्र या इतिहासाचा भाग आहेत आणि ते वगळून तो सांगता येत नाही.

विभाजनाची भूमिका

१९५२ मध्ये गुलबर्गा व १९५७ मध्ये औरंगाबाद मतदारसंघातून ते लोकसभेवर गेले. पक्षांतर्गत मतभेदांत बी. रामकृष्णराव यांचा गट सत्तेवर आला आणि स्वामीजी सत्तेपासून दूर राहिले. हैदराबाद राज्य अखंड राहावे, असा पंडित नेहरूंचा कल होता. स्वामीजींचे मत वेगळे होते. शेतकऱ्याला कचेरीत व न्यायालयात स्वतःची भाषा मिळाल्याशिवाय लोकशाही अपुरी राहते, या विचाराने त्यांनी तीन भागांच्या विभाजनाचा पुरस्कार केला. कन्नड मुलखात जन्मलेल्या, मराठीत वाढलेल्या आणि तेलंगणातही अनुयायी असलेल्या (पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकी एक) नेत्याची ही भूमिका होती. ज्या राज्यात त्यांची सर्वाधिक प्रतिष्ठा होती, तेच त्यामुळे नाहीसे होणार होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपुष्टात आले. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाले. भोकरदन तालुक्यातील माणसाने अशा रीतीने बारा वर्षांत चार राजवटी पाहिल्या: निजामाची, हैदराबाद राज्याची, मुंबईची आणि महाराष्ट्राची.

अखेरचा काळ

उत्तरायुष्यात ते भूदान चळवळ व शैक्षणिक कार्यात रमले. हैदराबादच्या लढ्याच्या त्यांच्या आठवणी १९६७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाल्या. हैदराबाद येथेच त्यांचे निधन झाले. बेगमपेठ येथे त्यांची समाधी आहे. नांदेड येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठास, तसेच अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.