संत ऑगस्टीन आणि आठवा दिवस

ईस्टरचा अर्थ संत ऑगस्टीन यांना प्रथम पाण्यात उमगला, असे म्हणावयास हरकत नाही. इ. स. 354 मध्ये उत्तर आफ्रिकेतील तागास्ते येथे जन्मलेले हे विद्वान वक्ते दीर्घकाळ सत्यासाठी भटकले. माता मोनिका अश्रूंसह प्रार्थना करीत राहिली. 387 साली ईस्टरच्या आदल्या रात्री मिलान येथे बिशप अँब्रोज यांच्या हस्ते त्यांनी पुत्र अदेओदातुस याच्यासह बाप्तिस्मा घेतला.

त्या बाप्तिस्मागृहाचे अवशेष मिलानच्या कॅथेड्रलखाली आजही पाहावयास मिळतात. कुंड अष्टकोनी आहे. अष्टकोनीच का बरे? सृष्टीचा सप्ताह सात दिवसांचा. शब्बाथानंतर प्रभू उठला तो आठवा, नव्या सृष्टीचा दिवस. पाण्यात उतरणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे, वर येणे म्हणजे त्याच्यासह उठणे.

या विश्वासाची कसोटी लवकरच लागली. त्याच वर्षी ओस्तिया बंदरात मोनिका आजारी पडली. पतीशेजारी पुरले जाण्याची जुनी इच्छा तिने सोडून दिली. देवाला आपल्याला कोठूनही उठविता येईल, याविषयी तिला शंका नव्हती. (मला तर या साध्या मातेचा विश्वास पुत्राच्या पांडित्याहून थोर वाटतो.) थोड्याच वर्षांत अदेओदातुसही गेला.

पुढे हिप्पोचे बिशप झालेले ऑगस्टीन 430 साली, नगराला वँडलांचा वेढा पडला असता निवर्तले. त्यांच्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या अखेरीसही तोच अनंत आठवा दिवस येतो.