लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंग आपणांस ओळखता येत नाहीत, हे ध्यानी येताच त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या संपादिली. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक विद्यालयात ते शिक्षक झाले.

यंत्रविद्येचा पहिला धडा असा, की जे कापावयाचे त्याहून कापणारे हत्यार कठीण हवे. लेथवर फिरणारे लोखंड तासण्यासाठी पाणी दिलेल्या पोलादाचे हत्यार लावीत. पण घर्षणाने ते फार तापले, की त्याचे पाणी उतरे व धार बोथट होई. म्हणून यंत्र हळू चालवावे लागे. १९०० च्या सुमारास टंगस्टन मिसळलेले पोलाद प्रचारात आले. ते तापून लाल झाले तरी धार सोडीत नाही. त्यामुळे लेथचा वेग कितीतरी वाढला.

शेतीलाही हाच नियम लागू आहे. यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावच्या परिसरात आहे तशी कपाशीची काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी टणक होते. लाकडी नांगर अशी जमीन खोलवर उलथू शकत नाही. नोकरी सोडून बेळगावी सायकलींचे दुकान चालविताना लक्ष्मणरावांनी हे ओळखले. बंधू रामचंद्रपंतांच्या साहाय्याने त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र व नंतर लोखंडी नांगर तयार केला. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. दोन वर्षे नांगर विकला गेला नाही. तरी लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. हळूहळू शेतकऱ्यांची खात्री पटली.

इतक्यात नवे संकट आले. बेळगावची जागा नगरपालिकेच्या आदेशाने सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्थानकाजवळची ओसाड जमीन व बिनव्याजी दहा हजार रुपये दिले. निवडुंगाने व सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. पुढे १९४१ मध्ये हरिहर येथे लेथ बनविणारा कारखानाही किर्लोस्करांनी उभारला. जी यंत्रे पूर्वी विलायतेहून आणावी लागत, ती आता येथेच घडू लागली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. पोलादाला कठीणपणा येतो तो आगीतून व पाण्यातून गेल्यावरच. लक्ष्मणरावांचे जीवनही तसेच घडले.