आर्थर वेलस्ली व त्याच्या घराण्याचें नांव

सन १८०३ च्या एप्रिलांत आपल्या सोलापूर जिल्ह्यांतील अकलूज येथें एका इंग्रज सेनापतीची फौज येऊन पोंचली होती. पळून गेलेल्या दुसऱ्या बाजीरावास पुण्याच्या गादीवर परत बसविण्यासाठीं तो म्हैसूरकडून निघाला होता. शेवटची साठ मैलांची मजल सुमारें बत्तीस तासांत मारून तो २० एप्रिल रोजीं पुण्यास दाखल झाला. हा जनरल आर्थर वेलस्ली. पुढें वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून तो जगास ठाऊक झाला. आम्हीं त्यास इंग्रज म्हटलें खरें, परंतु त्याचा जन्म १७६९ सालीं आयर्लंडांत झाला, आणि वेलस्ली हें नांव तर त्याच्या आज्यासही जन्मानें मिळालेलें नव्हतें.

हें नांव मूळचें इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्याचें. वेल्स शहराजवळच्या एका खेड्यावरून तें पडलें. त्या घराण्याची शाखा मध्ययुगांत आयर्लंडांत जाऊन मीथ परगण्यांत डांगन येथें स्थायिक झाली. लोकांच्या जिभेवर झिजतां झिजतां वेलस्लीचें वेस्ली झालें. डांगनचा गॅरेट वेस्ली निपुत्रिक होता. मेथडिस्ट पंथाचा गीतकार चार्ल्स वेस्ली यास त्यानें वारस होण्याविषयीं विचारलें व चार्ल्सनें नकार दिला, अशी आख्यायिका आहे. अखेर १७२८ सालीं ती जमीन रिचर्ड कॉली नांवाच्या आप्तास मिळाली, आणि जमिनीबरोबर त्यानें आडनांवही घेतलें. कॉली हें आठव्या हेन्रीच्या काळीं किल्केनीस कायद्याच्या धंद्यांत असलेलें घराणें. वतनासाठीं दत्तक जाऊन आडनांव बदलणें आपल्या लोकांस नवलाचें नाहीं. वसईच्या आपल्या धर्मबंधूंचीं पोर्तुगीज आडनांवेंही बाप्तिस्म्याबरोबरच आलेलीं आहेत. मात्र याच सुमारास आयर्लंडांतील कॅथलिकांचा मताधिकार कायद्यानें काढून घेण्यांत आला. एका कॉलीस नवें नांव व इस्टेट मिळाली. त्याच देशांतील बहुसंख्य प्रजेस राज्यकारभारांत नांवही उरलें नाहीं.

या रिचर्डचा पुत्र गॅरेट मोठा संगीतज्ञ; डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांतील संगीताचा तो पहिला प्राध्यापक. त्याचा मुलगा आर्थर. १७८७ सालीं हा फौजेंत शिरला तो वेस्ली या नांवानेंच. १७९८ सालीं वडील बंधु रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानांत आला, तेव्हां घराण्यानें जुनें लांब रूप पुन्हा धारण केलें. मराठ्यांस ठाऊक झालें तें हेंच रूप. ऑगस्ट १८०३ मध्यें अहमदनगरचा किल्ला पडला, २३ सप्टेंबरला असईच्या रणांत शिंदे-भोसल्यांच्या फौजा हटल्या, डिसेंबरांत गाविलगड गेला. असईस त्याचीं सुद्धां दीड हजारांवर माणसें मेलीं वा घायाळ झालीं. या युद्धाची स्तुति करण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

१८२८ च्या जानेवारींत तो इंग्लंडचा मुख्य प्रधान झाला. त्याच जुलैंत डॅनियल ओकॉनेल हा कॅथलिक वकील क्लेअर परगण्यांतून निवडून आला. पण पार्लमेंटांत बसण्यापूर्वीं घ्यावयाची शपथ आपल्या धर्मश्रद्धेविरुद्ध असल्यामुळें कोणाही कॅथलिकास ती घेतां येत नसे. ड्यूक पक्का प्रॉटेस्टंट. कॅथलिकांविषयीं त्यास प्रेम होतें असें म्हणवत नाहीं. पण आयर्लंडांत यादवी माजेल हें त्या जुन्या शिपायानें ओळखलें. अडून बसलेल्या चौथ्या जॉर्जचें मन त्यानें वळविलें. लॉर्ड विंचिल्सी यानें त्याच्या हेतूवर जाहीर आरोप केला, तेव्हां ५९ वर्षांच्या या मुख्य प्रधानानें २१ मार्च १८२९ रोजीं त्याच्याशीं पिस्तुलांचें द्वंद्व केलें (जी गोष्ट आमच्या धर्मास सर्वस्वीं निषिद्ध आहे); सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. १३ एप्रिलला कायद्यावर राजाची संमति पडली, आणि कॅथलिकांस पार्लमेंटाचें दार उघडलें.

परंतु त्याच वेळीं दुसरा कायदा करून आयर्लंडांत मतास लागणारी जमिनीची किंमत सालिना चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यांत आली. ज्या गरीब कुळांनीं जमीनदाराची भीड न धरतां ओकॉनेलला निवडून दिलें होतें, त्यांचें मत गेलें. ओकॉनेल पार्लमेंटांत बसला. तीं कुळें मात्र मताशिवाय राहिलीं.

ड्यूक १४ सप्टेंबर १८५२ रोजीं वारला व लंडनच्या सेंट पॉल मंदिरांत पुरला गेला. डांगनचा वाडा त्यापूर्वींच परक्याच्या हातीं जाऊन आगींत जळाला होता.