मॅक्स हॉफमन : परदेशी मोटारींचा व्यापारी

आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात व मोटार हाकणारा उजवीकडे बसतो. अमेरिकेत नेमके याच्या उलट आहे. ही गोष्ट वरवर क्षुल्लक भासते. परंतु आपल्या पद्धतीची गाडी अमेरिकेतील रस्त्यावर हाकावयाची म्हटल्यास हाकणारा रस्त्याच्या कडेस बसतो, आणि पुढच्या वाहनास मागे टाकताना समोरून काय येत आहे हे त्यास वेळीच दिसत नाही. म्हणून अमेरिकेत माल खपवू पाहणाऱ्या इंग्रज कारखानदारास चक्र डाव्या बाजूस बसवून गाडी बांधावी लागे. आणि एवढा खटाटोप करण्यापूर्वी तेथे आपल्या गाडीस गिऱ्हाईक आहे काय, याची त्यास खातरी हवी असे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील कारखानदारांस ही खातरी देणारा जो गृहस्थ न्यूयॉर्क शहरी पुढे आला, त्याचे नाव मॅक्सिमिलियन हॉफमन.

त्याचा जन्म 1904 साली ऑस्ट्रियात व्हिएन्ना येथे झाला. वडिलांचा सायकली व मोटारी यांचा धंदा होता. त्यामुळे यंत्रांची गोडी मुलास लहानपणीच लागली. तरुणपणी त्याने मोटारसायकलींच्या व मोटारींच्या शर्यतींत भाग घेतला. परंतु पुढे तो नाद सोडून तो मोटारींच्या व्यापारात शिरला, आणि रोल्स-रॉइस, बेंटली, आल्फा रोमिओ अशा उंची परदेशी गाड्या मागवून विकू लागला. त्या काळी व्हिएन्नातही आपल्याप्रमाणेच वाहने डाव्या बाजूने चालत. 1938 साली जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, आणि त्याच वर्षी त्या शहराची रहदारी उजव्या बाजूस नेण्यात आली. हॉफमन मात्र तो पालट पाहण्यास तेथे राहू शकत नव्हता. पित्याकडून तो ज्यू वंशाचा होता, आणि अशा मनुष्यास व्हिएन्नात राहणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होते. तो पॅरिसला गेला. तेथेही युद्ध येऊन ठेपले, तेव्हा 1941 साली त्याने समुद्रापलीकडे न्यूयॉर्क गाठले.

नव्या देशात मोटारी विकण्याची सोय नव्हती, कारण युद्धामुळे तेथील कारखाने लष्करी कामास लागले होते. तेव्हा या गृहस्थाने काय करावे? प्लास्टिकवर धातूचा पातळ मुलामा चढवून केलेले बायकांचे स्वस्त दागिने तो विकू लागला. रोल्स-रॉइस विकणारा मनुष्य खोटे दागिने घेऊन दुकानोदुकानी फिरतो, यात त्यास यत्किंचितही कमीपणा वाटला नसावा. या धंद्यात त्याने जे भांडवल जमविले त्याच्या बळावर 1947 साली पार्क ॲव्हेन्यू या श्रीमंत रस्त्यावर त्याने आपले मोटारींचे दुकान थाटले. आरंभी तेथे फ्रान्समधील देलाहाय गाडी मांडली होती. पुढील वर्षी जॅग्वार कारखान्याचा मक्ता त्याच्याकडे आला. युद्धानंतर इंग्लंडास डॉलरांची नितांत गरज होती आणि निर्यातीवाचून कारखान्यांस पुरेसे पोलाद मिळणे कठीण होते. त्यामुळे जॅग्वारची प्रख्यात एक्सके 120 ही गाडी बहुतांशी परदेशासाठी, डाव्या बाजूस चक्र बसवूनच बांधली गेली.

1950 साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याची व पोर्शे पितापुत्रांची गाठ पडली. त्यांची लहानशी गाडी अमेरिकेत वर्षास पाच खपल्या तरी पुष्कळ, असा त्यांचा अंदाज होता, आणि हॉफमनने मात्र आठवड्यास पाचांची गोष्ट काढली, असे सांगतात. पुढे ही गाडी महाग पडते असे दिसून येताच तिच्यातील चैनीच्या वस्तू काढून टाकून साधी, उघडी गाडी द्यावी, असा त्याने आग्रह धरला. त्यातून 1954 साली तीन हजार डॉलरांच्या आतली स्पीडस्टर निघाली, व कॅलिफोर्नियातील तरुणांच्या ती विशेष पसंतीस उतरली.

परंतु त्याचे नाव ज्या एका गाडीशी कायमचे जोडले गेले ती मर्सिडीज 300 एसएल होय. या नावाच्या शर्यतीच्या गाडीने 1952 साली फ्रान्समधील ल मान्सची शर्यत जिंकली होती. ती सामान्य गिऱ्हाइकांसाठी बांधण्याचा कारखान्याचा विचार नव्हता. हॉफमनने जर्मनीस जाऊन संचालकांपुढे बाजू मांडली, आपण अशा गाड्या मोठ्या संख्येने घेऊ अशी हमी दिली, आणि फेब्रुवारी 1954 मध्ये ती गाडी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात झळकली. तिची दारे पक्ष्याच्या पंखांप्रमाणे वर उघडत. पाहणारास ती केवळ हौस वाटे, परंतु तसे नव्हते. गाडीचा सांगाडा बारीक नळ्यांचा, वजनास हलका व बाजूंनी इतका उंच होता की नेहमीच्या दारास तेथे जागाच उरत नव्हती! अशा बंद गाड्या 1957 पर्यंत अवघ्या 1400 झाल्या, आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेस गेल्या.

त्याचा प्रत्येक डाव मात्र साधला नाही. फोक्सवॅगनची ओबडधोबड लहान गाडीही त्याच्याकडे 1950 पासून होती. ती त्यास फारशी खपविता आली नाही, व 1953 साली त्याने तिचा नाद सोडला. पुढे तीच गाडी अमेरिकेत लाखांनी खपली. सुंदर वस्तूवर प्रेम करणाऱ्या या माणसास कुरूप वस्तूचे मोल कळले नाही, असे आम्हास वाटते. याहून मोठा घोटाळा बीएमडब्ल्यूच्या 507 या गाडीचा झाला. हॉफमनच्या आग्रहाने काउंट गेर्ट्झ या कलावंताने तिचा घाट घडविला. किंमत पाच हजार डॉलरांच्या आसपास राहील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती नऊ हजारांच्या वर गेली, आणि 1959 पर्यंत जेमतेम अडीचशे गाड्या झाल्या. कारखान्यास प्रत्येक गाडीमागे नुकसान सोसावे लागले, व त्या वर्षाअखेर तो प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाता जाता वाचला. एका व्यापाऱ्याच्या शब्दावर शेकडो कामगारांची भाकरी किती अवलंबून असते, हे येथे दिसते. त्याच 507 साठी आज संग्राहक लक्षावधी डॉलर मोजतात, ही गोष्ट निराळी.

एकाच वेळी जॅग्वार व मर्सिडीज विकण्याच्या त्याच्या रीतीने इंग्रज नाराज झाले व ते नाते तुटले. 1957 साली मर्सिडीजनेही आपला मक्ता दुसरीकडे दिला. मात्र करारपत्रे करताना तो इतका सावध असे की दोन्ही वेळा त्यास भरपूर मोबदला मिळाला. तो शिल्लक राहिलेल्या बीएमडब्ल्यूकडे वळला. लहान गाडीत दोन लिटरचे मोठे यंत्र बसवावे, ही त्याची मागणी कारखान्यातील काही जाणत्यांच्या मताशी जुळली, आणि 1968 साली 2002 ही गाडी अमेरिकेत आली. 507 ने जे गमावले होते ते या साध्या गाडीने अनेक पटींनी भरून काढले. 1975 साली कारखान्याने अमेरिकेतील व्यापार त्याच्याकडून आपल्या हाती घेतला.

1981 साली हॉफमन वारला. त्याच्या व त्याच्या पत्नीच्या नावाने एक धर्मादाय निधी स्थापन झाला. पार्क ॲव्हेन्यूवरील त्याचे दुसरे दुकान फ्रँक लॉइड राइट या जगप्रसिद्ध शिल्पज्ञाने 1955 च्या सुमारास सजविले होते. गाड्या मांडण्यासाठी त्यात एक वळणदार उतरण होती. ती 2013 साली पाडण्यात आली. त्याने अमेरिकेस आणलेल्या कित्येक गाड्या मात्र युरोपातील शौकिनांनी मागाहून परत विकत नेल्या आहेत.